संध्याकाळच्या भाजीचा रकाना

७ जानेवारी

प्रिय वहिनी,

आपल्या घरी एका माणसाच्या एका वेळच्या जेवणाला किती खर्च येतो? काल भर बैठकीत मला हे विचारलं गेलं आणि मला उत्तर देता आलं नाही. टेबलाभोवती नऊ जण होते. त्यांत भट्टीवर राबणाऱ्याच्या घरातून आलेली मी एकटीच, म्हणून आमच्या विभागाच्या मॅडमनी मला विचारलं आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. अठरा वर्षं त्या घरात जेवले, घरातली पहिली पदवी घेतली, आणि तोंडातून निघालं काय, तर ‘माहीत नाही’. कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

प्रश्न कशासाठी निघाला ते सांगते. कंपनीच्या सगळ्या कारखान्यांतल्या कॅन्टीनचं पुढे काय करायचं, ते आमच्या कामगार कल्याण विभागाला ठरवायचं आहे. त्यात आपला बाटल्यांचा कारखानाही आला. दुपारचं एक फुकट जेवण कंपनीला माणशी छत्तीसला पडतं. त्यातलं किती ताटात येतं आणि किती ठेकेदाराच्या खिशात जातं, ते देव जाणे. दादाच म्हणायचा ना, ‘डाळीत चेहरा बघून भांग पाडता येतो’? मला वाटतं, तेच छत्तीस कामगाराच्या हातात रोख द्यावेत. माणसाने घरचं, आपल्या माणसाच्या हातचं खावं. बाहेरचं खाणं कसं असतं ते मी रोज बघते. कचेरीसमोरच्या खानावळीत एक ताट पंचावन्नला मिळतं, आणि दुपारी चारपर्यंत छातीत जळजळ ती वेगळीच.

पण मॅडम म्हणाल्या, मतं नकोत, आकडे आण. म्हणून सोबत एक वही पाठवते आहे. रकाने मीच आखलेत: वस्तू, वजन, किंमत, सकाळची भाजी, संध्याकाळची भाजी, किती ताटं. गॅस धर, तेल धर, मीठसुद्धा धर. चांगलं दिसावं म्हणून काही झाकू नकोस. अहवाल चांगला उतरला तर नोकरी कायम होण्याचा संभव आहे.

फोनवर नको. एक फोन दादाच्या खिशात, दुसरा बाबांच्या, आणि त्यांच्यासमोर तू ‘सगळं ठीक’ यापलीकडे बोलत नाहीस. कंपनीची टपालथैली दर मंगळवारी इकडून तिकडे जाते. स्टोअरचा कारकून आपली पत्रं त्यातून घेतो, फक्त पाकीट उघडं ठेवावं लागतं.

चिमीला पापा. बाबांच्या खोकल्याचं कळव.

तुझी,
नणंद


१९ जानेवारी

प्रिय पदवीधर वन्सं,

वही पोचली. तिच्याबरोबर माझ्या डोक्याला ताप पण पोचला. लग्न झालं तेव्हा कोणी सांगितलं असतं की नणंद वाटाणे मोजायला लावेल, तर मी मांडवातूनच परत फिरले असते.

वाण्याकडून जुना काटा मागून आणला. चिमटीभर मीठ ठेवलं तर काटा हललाच नाही. तसं वहीत लिहून ठेवलंय. भांड्याला चिकटलेला भात कोणाच्या खात्यात घालू? चिमी पेन्सिल घेऊन शेजारी बसते आणि ओरडते, ‘आजोबांनी दोनदा भात घेतला, लिही!’ पहिले दोन दिवस बाबा त्या भीतीने अर्धपोटी उठले. मला म्हणाले, ‘लेक हिशेब तपासायला लागली का? ती पाठवते त्याची उधळपट्टी होते, असं कोणी कळवलं तिला?’ मी म्हटलं, ‘बाबा, ऑफिसचं काम आहे.’ ऑफिस म्हटलं की त्यांची छाती लगेच फुगते. मग म्हणाले, ‘मग हेही कळव, की सुनेच्या सकाळच्या भाजीपेक्षा संध्याकाळच्या भाजीला चव असते.’ मी तोंड फिरवून हसले.

अजून एक गंमत. गेटवरचा पहारेकरी जाताना सगळ्यांचे डबे उघडून बघतो, कोणी पितळी तोटी नेतंय की काय म्हणून. परवा तुझ्या दादाला म्हणतो, ‘रोज डबा भरलेला परत नेता. वहिनींच्या हाताला चवच नाही की काय?’ हे म्हणाले, ‘आज भूक नव्हती.’ तो म्हणाला, ‘तीन वर्षं?’ ह्यांच्या पाळीतल्या निम्म्या लोकांचं असंच. म्हणजे बघ, निम्म्या वस्तीतल्या बायका माझ्यासारख्याच सुगरण!

बाबांचा खोकला आहे तसाच. औषध बदललंय, जुन्याच्या दीडपट किमतीचं. ते वहीत लिहायचं नाही ना?

तुझी,
वहिनी


६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

चौदा!

तुझ्या परत आलेल्या वहीतली दोन आठवड्यांची पानं तीनदा ताडून पाहिली. तुझा दिवसाचा खर्च सरासरी एकशे बारा, ताटं आठ: सकाळी बाबा, तू, चिमी आणि दादाचा डबा; संध्याकाळी चौघं. एका जेवणाला चौदा! मी समोरच्या खानावळीत पंचावन्न मोजते, कंपनी छत्तीस मोजते, आणि तू चौदात माणसाला जेवू घालतेस. वहिनी, तू दहावीला शाळा सोडलीस हे मला आजही पटत नाही. माझ्या वर्गात इतकी नेटकी वही एकीचीही नव्हती. खरी सुगरण तूच. दुसरी वही सोबत पाठवते, पुढेही लिहीत राहा.

एक शंका आहे. ‘संध्याकाळची भाजी’ हा रकाना सगळीकडे कोरा आहे. भात तेवढा आहे. आणि बाबा तर म्हणे त्याच भाजीची तारीफ करतात! मी असं धरलंय की दोन्ही वेळची भाजी तू सकाळीच करतेस आणि ती सकाळच्या रकान्यात आली आहे. बरोबर ना?

पहारेकऱ्याची गोष्ट मी अहवालात घातली. हसू नकोस, ती फार महत्त्वाची आहे. माणसं घरून डबा नेतात, म्हणजे त्यांना घरचंच हवं असतं. पण कॅन्टीनचं फुकट मिळतं म्हणून ते खातात आणि बायकोने पहाटे उठून केलेलं तसंच परत येतं. केवढी नासाडी! आणि केवढा अपमान त्या बायकांचा! कोणाचं नाव लिहिलेलं नाही.

दादा बरा आहे ना? बाबांच्या फोनवरून आलेल्या फोटोत गालफडं वर आलेली दिसली. भट्टीच्या उष्णतेने असेल.

तुझी,
नणंद


१७ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तू म्हणतेस ते बरोबर. भाजी मी सकाळीच करते. संध्याकाळी नुसती गरम करते. तसंच धर.

पण ती डब्याची गोष्ट काढून टाक. थट्टेत लिहिली होती मी. हसण्यावारी न्यायची गोष्ट तू कागदावर घेऊन बसलीस. आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या तिथे कोणी विचारलं, कुठल्या कारखान्यातली गोष्ट, तर? काढून टाकशील ना? आणि अहवालात फक्त आपल्याच घराचे आकडे कशाला? अजून दहा घरांना वह्या दे. किंवा कोणालाच देऊ नकोस. मला काय कळतंय म्हणा.

दादा बरा आहे. पहिल्यापासूनच बारीक.

चिमीला आता दोनचा पाढा येतो. ती चमचे मोजते.

तुझी,
वहिनी

ता.क. नक्की काढून टाक.


११ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मिळालं तेव्हा अहवाल वर गेला होता. पण खरं सांगते, हातात असता तरी मी ती गोष्ट काढली नसती. डबा परत येतो म्हणून तुला चारचौघांत कमीपणा वाटतो, हे मी समजू शकते. तुझ्या स्वयंपाकात कुठलीही खोट नाही, खोट त्या पद्धतीत आहे. हेच तर मी पाच पानांत मांडलंय.

मॅडमनी अहवाल उभ्याउभ्या वाचला. मग तुझी वही मागून घेतली आणि एकेक पान उलटत गेल्या. ‘मीठ: काटा हलला नाही’ या ओळीवर मोठ्याने हसल्या. म्हणाल्या, ‘हे असं खोटं कोणाला सुचणार नाही. वही अस्सल आहे.’ दहा घरांच्या वह्या मागवाव्यात असं मीही सुचवलं होतं, तर म्हणाल्या, एवढा वेळ संचालकांना नाही.

निर्णय झाला. एक एप्रिलपासून कॅन्टीन बंद आणि जेवणभत्ता रोख. फक्त मी मागितले होते छत्तीस, आणि संचालक म्हणाले की घरच्या जेवणाचा प्रत्यक्ष खर्च द्यायचा. चौदाचे त्यांनी पंधरा केले. मला थोडं लागलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण मॅडमनी पायाने माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, ‘पहिल्याच खेपेला सगळं मागू नये.’ तेही खरं असेल. आणि पंधरा म्हणजे तुझ्या आकड्यापेक्षा एकने जास्तच! शिवाय डबा आता भरलेला परत येणार नाही. दादा घरचं जेवेल.

त्या दिवशी विभागातल्या सगळ्यांनी मला जेवायला नेलं. माझ्या ताटाचे एकशे चाळीस झाले. तेही मी माझ्या वहीत लिहिलं.

बाबांना सांग, नोकरी जूनमध्ये कायम होईल.

तुझी,
नणंद


१५ एप्रिल

प्रिय वन्सं,

पत्र मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला.

कॅन्टीन एक तारखेला बंद झालं. मोठी पातेली भंगारवाल्याने नेली. आचारीमामा आपला डाव पिशवीत घालून घेऊन गेले. म्हणाले, हा माझा स्वतःचा आहे, कंपनीचा नाही. पहारेकऱ्याने त्यांचीही पिशवी उघडून पाहिली.

वहीची पानं संपली म्हणून आता लिहीत नाही. नवी पाठवू नकोस.

बाबांनी वस्तीत सगळ्यांना सांगितलंय की रोख भत्ता त्यांच्या लेकीमुळे मिळाला. घरोघर जाऊन सांगितलं. लोक ऐकून घेतात.

सगळं ठीक.

तुझी,
वहिनी


२९ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. त्यात एकही विनोद नाही. मला भीती वाटली.

काय झालंय? मी काही चुकले असेन तर स्पष्ट सांग. दादाला दोनदा फोन केला, दोन्ही वेळा ‘कामावर आहे’ म्हणून ठेवला. बाबा मात्र खुशीत होते. पण बोलता बोलता म्हणाले, ‘सुनेच्या हाताला हल्ली काय झालंय कोण जाणे, संध्याकाळी रोज नुसता भात आणि वर मिरची.’ पूर्वी भाजी सकाळची उरायची ना? मग आता का उरत नाही? दादाचा डबा आता खरोखर खाल्ला जातो म्हणून? पण तो तर तू आधीही भरतच होतीस. मी उतरवून घेतलेले आकडे काढून बसले आहे आणि ही बेरीज मला लागत नाही.

मी पदवीसाठी तीन वर्षं आकडेच शिकले, वहिनी. जुळवून घेतलेला आकडा मला ओळखता यायला हवा होता. तू मला काय सांगितलं नाहीस?

थैलीतून नको असेल तर साध्या टपालाने लिही. तिकिटं सोबत पाठवते.

तुझी,
नणंद


१६ मे

प्रिय वन्सं,

हे साध्या टपालाने टाकतेय. पाकीट दोनदा चिकटवलंय. वाचून फाडून टाक.

डबा मी कधी भरतच नव्हते. तुझा दादा सकाळी रिकामा डबा घेऊन जायचा आणि संध्याकाळी भरून आणायचा. कॅन्टीनमध्ये ताट घ्यायचं, अर्धं खायचं, अर्धं डब्यात. आचारीमामांना ठाऊक होतं. ते ह्यांच्या ताटात एक डाव जास्त ओतायचे आणि दुसरीकडे बघायचे. निम्मी पाळी तेच करत होती. गेटवर पाटी तर तू लहानपणापासून वाचतेस: आतली कोणतीही वस्तू बाहेर नेल्यास चोरी समजून कामावरून काढण्यात येईल. म्हणून सगळ्यांना ‘आज भूक नव्हती’. तीन वर्षं कोणाला भूकच नव्हती.

घरी आले की हे मागच्या दाराने मोरीत यायचे, मी डबा पातेल्यात ओतायचे आणि वरून फोडणी द्यायचे. बाबांना कळू नये म्हणून. तुला माहीत आहेत ते. तीस वर्षं त्या कारखान्यात काढली आणि एक फुटकी बाटली घरी आणली नाही, हे ते आल्यागेल्याला सांगतात. त्यांना कळलं असतं तर त्यांनी त्या अन्नाला हात लावला नसता, आणि ह्यांच्याशी पुन्हा बोलले नसते. ती संध्याकाळची भाजी. सुनेच्या हातची.

म्हणून तुझा रकाना कोरा होता. न शिजवलेल्या भाजीची किंमत काय लिहू? आणि रिकामा डबा तू ताट म्हणून मोजलास. आमचं जेवण स्वस्त नव्हतं गं. आमचं घर कॅन्टीनवर जेवत होतं. आता खरा डबा भरते, खरी भाजी आणते, तर तुझ्याच पद्धतीने पंचवीसच्या वर जातं. कंपनी देते पंधरा. म्हणून संध्याकाळी भाजी नाही.

आधी का सांगितलं नाही, असं विचारशील. उघड्या पाकिटात कसं लिहू? तो कारकून सगळ्यांची पत्रं वाचतो. ता.क. लिहिलं तेव्हा वाटलं होतं, तू हुशार आहेस, तुला कळेल. आणि दुसरंही एक आहे, ते लिहायला लाज वाटते. तू मला सुगरण म्हणालीस. नेटकी वही म्हणालीस. शाळा सुटल्यापासून कोणी मला शाबासकी दिली नव्हती. मग मलाच तो चौदा आवडायला लागला. शेवटच्या महिन्यात तर मी एकदोनदा अर्धा कांदा लिहायचा सोडला.

सहा तारखेला हे भट्टीपाशी चक्कर येऊन पडले. उजवा हात भाजला. दोन बोटं वळत नाहीत. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, खाता की नाही? हे म्हणाले, ‘भूक नसते.’ सवयीने तोंडातून निघालं. अजून पंधरा दिवस घरी आहेत, बिनपगारी.

गेटवर एकाने ह्यांना विचारलं होतं, ‘तुझी बहीण मुख्य कचेरीत आहे ना?’ एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं हे म्हणाले.

तुझ्यावर राग नाही. हे पण रागावलेले नाहीत. हे डबा कधीपासून नेऊ लागले, ते तुला सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलंय. पण पहारेकऱ्याने सांगितलेली वर्षं तूच मोज आणि तुझ्या कॉलेजची फी कधी सुरू झाली ते आठव.

खरं लिहायला तू सांगितलं होतंस. आता लिहिलंय. काय करायचं ते तू बघ. काहीच करता येणार नाही, हेही मला कळतं. चोरी होती असं सांगितलंस तर निम्मी पाळी घरी बसेल. नाही सांगितलंस तर पंधरा आहेतच.

तुझी,
वहिनी


२८ मे

प्रिय वहिनी,

तुझं पत्र फाडलं. फाडण्याआधी पाठ झालं होतं.

तीन वर्षं. मी कॉलेजच्या खानावळीत जेवून घरी पत्र लिहायचे, ‘इथली भाजी अगदी पाणचट’. दादा ते मोठ्याने वाचून दाखवायचा, असं तूच सांगितलं होतंस. अर्धं जेवून आलेला माणूस माझ्या पाणचट भाजीची तक्रार वाचत होता.

मी चार दिवस कागदावर दोन बाजू मांडून बसले. खरं सांगावं तर आकडा दुरुस्त होतो, पण डबे उघडे पडतात. गप्प राहावं तर डबे वाचतात, पण पंधरा राहतात. आकडा खोटा ठरायला हवा आणि तो का खोटा आहे ते कोणाला कळता कामा नये, असा रस्ता शोधत होते. तो एकच निघाला. मी आजवर कधी कोणाच्या वहीची नक्कलसुद्धा केलेली नाही, म्हणून तो सुचायला चार दिवस लागले.

सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर लेखी दिलं: घरून कोणतीही वही आली नव्हती. नोकरी कायम व्हावी म्हणून सर्व नोंदी मी स्वतः बसल्या जागी लिहिल्या. परत येणाऱ्या डब्यांची गोष्टही माझ्या मनची आहे.

मॅडमनी वाचलं. दार लावलं. कपाटातून तुझी वही काढून समोर ठेवली.

‘हे अक्षर तुझं नाही.’

‘माझंच आहे. मुद्दाम वेगळं काढलं.’

‘आणि काटा हलला नाही, हेही तूच लिहिलंस?’

‘हो.’

‘असं कोणी बसल्या जागी लिहीत नसतं. कोणाला वाचवतेस?’

त्यांच्या टेबलाची काच एका कोपऱ्यात तडकलेली आहे, हे मला आजवर दिसलं नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘हे मी वर नेलं तर तुझ्या दाखल्यावर कारण लिहावं लागेल. पुन्हा कुठल्या कचेरीत उभं करणार नाहीत तुला. पदवी चुलीत जाईल.’ मी म्हटलं, ‘न्या.’ त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, ‘ही इथे सापडायला नको.’ म्हणजे त्यांना बहुतेक कळलं असावं. त्या चांगल्या आहेत. पण त्यांनी पंधराला पाय दाबून होकार दिला होता, हेही मला विसरता येत नाही. आणि मीही दाबून घेतला होता.

बुधवारी निर्णय आला. पंधराचा दर रद्द. नवी पाहणी होईपर्यंत कॅन्टीनला जो खर्च यायचा तो, म्हणजे छत्तीस, रोख. किती महिने, ते कोणी सांगत नाही. कॅन्टीन परत उघडणार नाही, पातेली गेली. आचारीमामांचं काय, ते कोणी विचारलंही नाही. पाहणीला माणसं येतील, दहा घरांत काटा घेऊन बसतील. सगळ्यांना सांग, जे शिजतं ते सगळं मोजू द्या. आता झाकायला काही उरलेलं नाही. तुझा पंचवीस त्यांना स्वतःच सापडू दे. तू मात्र वहीला हात लावू नकोस आणि आधीही कधी लावला नव्हतास.

मला काढून टाकलं आहे. खोलीची किल्ली काल परत दिली. समोरच्या खानावळीच्या मालकीणबाईंना गल्ल्यावर बसायला माणूस हवं होतं. मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘तू ती छातीत जळजळ होते म्हणून रोज कुरकुरणारी ना?’ तरी ठेवलं. वरच्या माळ्यावर झोपायला जागा आहे आणि दोन वेळचं जेवण आहे. पगार निम्मा आहे, त्यातला मोठा भाग दादाचा हात बरा होईपर्यंत घरी येईल. काल तिथे पहिल्यांदा पैसे न देता जेवले. भाजी पानात टाकवेना. आणि डब्यात भरून पाठवावी, तर तुम्ही एक रात्र आणि एक दिवस लांब.

आता बाबा. दाखल्यावरचं कारण कारखान्यापर्यंत पोचेल, स्टोअरचा कारकून ते गेटवर सांगेल आणि बाबा ते गेटवर ऐकतील. ज्या घरोघर जाऊन त्यांनी माझं कौतुक सांगितलं, तिथूनच ते परत येईल. ते विचारतील, माझ्या लेकीने खोटे आकडे का लिहिले? तुला राहवणार नाही, हे मला माहीत आहे. तू मोरीतलं पातेलं, रिकामा डबा, सगळं सांगून माझी बाजू घेशील. मग त्यांच्या तीस वर्षांतून काय उरेल? जे अन्न त्यांनी चवीने खाल्लं, ते त्यांच्या घशात अडकेल. आणि दादा भाजलेला हात घेऊन त्यांच्यासमोर बसलेला असेल.

म्हणून तुला विचारलं नाही. बाबांना मी वेगळं पत्र लिहिलं आहे. त्यात आहे की आकडे मीच खोटे लिहिले, नोकरीच्या लोभापायी, आणि घरातल्या कोणालाही याची कल्पना नव्हती. त्यांच्या हातात ते आधी पडावं, म्हणून तुझं हे पत्र मी आज टाकते आहे. त्यांचं सोमवारीच टाकलं.

तुझी,
नणंद